नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

फेब्रुवारी सरत आला की बार्शीच्या मार्केट यार्डात नवी ज्वारी यायला लागते. सकाळच्या लिलावाआधी आडत दुकानांपुढे ढीग लागतात आणि एकेका ढिगाशी एकेक शेतकरी उभा असतो. खरेदीदार वरच्या दाण्याकडे बघतही नाही. तो ढिगात मनगट बुडेपर्यंत हात घालतो, आतला दाणा मुठीत वर काढतो, तळहातावर पसरतो, फुंकर मारून कोंडा उडवतो आणि दोन दाणे दाढेखाली धरतो. कट्‌कन आवाज आला की माल वाळलेला. दाण्याची चकाकी, टपोरेपणा, टोकाशी काळसर डाग आहे का, हे सगळं त्यानं तेवढ्यात पाहून घेतलेलं असतं. मग त्याच्या तोंडून एक शब्द येतो. ‘मालदांडी’ किंवा ‘वसंत’ किंवा नुसतंच ‘लोकल’. नाहीतर, जरा आवाज उतरवून, ‘हायब्रीड’. रुपयांची बोली त्यानंतर सुरू होते.

तो शब्द आणि त्यापुढचा आकडा यांच्यामध्ये जे घडतं, तो या पुस्तकाचा विषय आहे. बोली कुठून सुरू व्हायची आणि साधारण कुठे थांबायची, हे त्या एका शब्दानं ठरवून टाकलेलं असतं. शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या हिशोबपट्टीवरही आधी तो शब्द लिहिला जातो, मग वजन, मग भाव. लहानपणापासून हे लिलाव मी पाहिले, पण कितीतरी वर्षं मला त्यात फक्त भाव दिसायचा. शब्द दिसायला लागला तेव्हा प्रश्न पडत गेले. हा शब्द कुणी पाडला? उद्या तो बदलला तर त्याच दाण्याला वेगळा भाव मिळेल का? आणि तो बदलण्याचा अधिकार नेमका कुणाचा?

बाजारात वर्ग कसे तयार होतात आणि कसे बदलतात, यावर जगभर पुष्कळ अभ्यास झाला आहे. १९९९ साली एझ्रा झुकरमन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं शेअर बाजाराकडे बघून दाखवून दिलं, की जी कंपनी विश्लेषकांच्या ठरलेल्या उद्योगवर्गात नीट बसत नाही, तिच्या शेअरला भाव कमी मिळतो. कंपनी वाईट असते म्हणून नव्हे. तिची तुलना कशाशी करायची हेच कुणाला कळत नाही म्हणून. असे सिद्धांत पुढे जागोजागी येतील. पण प्रस्तावनेत मला एकाच धान्याची गोष्ट सांगायची आहे, कारण एवढ्या कमी काळात इतकी नावं बदललेली दुसरी वस्तू मला आपल्या बाजारात दिसत नाही. माझ्या ताटात जी रोज होती, तिचीच ही गोष्ट आहे.

आज ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, राळा यांना आपण एका दमात ‘मिलेट’ म्हणतो. मराठीत या सगळ्यांना मिळून असं एक नाव लोकांच्या तोंडी कधी नव्हतं. कृषी खात्याच्या पुस्तकात ‘तृणधान्य’ होतं, पण त्यात गहू आणि भातही येतात. सोलापूर-मराठवाड्यातल्या माणसाची ज्वारी, नगर-नाशिककडची बाजरी, कोकणातली नाचणी, सह्याद्रीच्या उतारावरची वरई ही एकमेकांची भावंडं आहेत असं कुणाच्या मनातही आलं नसतं. प्रत्येकीची जमीन वेगळी, पाऊस वेगळा आणि ताटातली जागाही वेगळी. नाचणीचं सत्त्व बाळाला द्यायचं, आंबील उन्हाळ्यात प्यायची, बाजरी थंडीत तीळ लावून खायची, ज्वारी बारा महिने. वापर वेगळा तर वर्ग वेगळा, असा तो साधा हिशोब होता.

यांना एकत्र आणलं ते ‘भरडधान्य’ या सरकारी शब्दानं. आकडेवारीच्या तक्त्यात तांदळाचा रकाना स्वतंत्र, गव्हाचा स्वतंत्र आणि उरलेली ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, सातू सगळी मिळून एका रकान्यात. त्यांच्यात समान काय होतं? ती तांदूळ नव्हती आणि गहू नव्हती, एवढंच. मराठीत नाव ठेवणं वेगळं आणि नावं ठेवणं वेगळं; एका अनुस्वारानं बारशाची निंदा होते. ‘भरड’ या शब्दानं दोन्ही कामं एकदमच केली. जे जाडंभरडं, ते गरिबाचं. पाहुणा आला की पोळी आणि घरच्यांना भाकरी, ही रीत आधीपासून होतीच. तिच्यावर आता कागदाचा शिक्का बसला.

हा शिक्का किती खोल गेला ते कायद्यातच वाचता येतं. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानं स्वस्त धान्याचे दर ठरवले : तांदूळ किलोला ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया. तीन, दोन, एक. गरिबाला धान्य स्वस्तात मिळावं हा हेतू चांगलाच होता, त्याबद्दल मला शंका नाही. पण ही उतरंड पाहिली की देशानं आपल्या धान्यांची पंगत कशी बसवली होती ते कळतं. शिवाय रेशन दुकानात एक रुपयाचं ते धान्य बहुतेक ठिकाणी येतच नसे. यायचे ते गहू आणि तांदूळ. १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ आणि कृषिमूल्य आयोग उभे राहिले. तेव्हापासून हमखास खरेदीची सारी यंत्रणा या दोन धान्यांभोवती बांधली गेली. ज्वारी पिकवणाऱ्या गावात गहू रेशनवर स्वस्तात मिळायला लागल्यावर ज्वारी पेरायची कशाला, हा प्रश्न शेतकऱ्याला पडला तर त्याला दोष कसा देणार? १९६० च्या सुमारास देशात ज्वारीखाली १ कोटी ८० लाख हेक्टरच्या आसपास जमीन होती. २०२० पर्यंत ती ४०-४५ लाखांवर आली.

मधल्या काळात ७२ चा दुष्काळ आला. सोलापूर भागातल्या जुन्या माणसांपुढे त्या दुष्काळाचा विषय काढा, तेव्हा वाटलेल्या सुकडीच्या पाठोपाठ मिलोचं नाव येणारच. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. ती भाकरी थापताना तुटायची, रंग तांबूस, चव परकी. “तिकडं हे गुरांना घालतात,” असं लोक म्हणायचे, आणि ते खरंही होतं, कारण अमेरिकेत ज्वारी मुख्यतः जनावरांचं खाद्य म्हणूनच पिकते. एकच धान्य आगबोटीत बसताना पशुखाद्य होतं आणि मुंबई बंदरात उतरताना माणसाचं अन्न झालं. आमची आजी मिलोबद्दल बोलताना भुकेपेक्षा अपमानाबद्दल जास्त बोलायची. ज्यांच्या शिवारात मोत्यासारखी ज्वारी पिकायची, त्यांना दुसऱ्या देशाच्या गोठ्यातली ज्वारी रांगेत उभं राहून घ्यावी लागली, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही.

आता ‘हायब्रीड’कडे येऊ, कारण बाजारातला वर्ग काय बघतो आणि काय बघत नाही हे या शब्दाइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. १९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. बुटकं ताट, लवकर येणारं पीक, भरघोस उतारा. धान्याच्या टंचाईच्या त्या दिवसांत हे मोठंच काम होतं आणि ते करणाऱ्या शास्त्रज्ञांबद्दल मला आदर आहे. पण हा वाण खरिपातला आणि लवकर पक्व होणारा. नेमका दाणा भरताना पाऊस चालू असायचा. कणसावर बुरशी धरायची आणि दाणा काळा पडायचा. काळा दाणा भाकरीला कोण घेणार? तो कोंबडीखाद्याकडे आणि मद्यार्काकडे वळला. गावाच्या बोलीत ‘हायब्रीड’चा अर्थ उत्पन्न जास्त असा न राहता कस नसलेलं, चव नसलेलं असा झाला, पुढे तर माणसांच्या पिढीलाही लोक हायब्रीड म्हणू लागले.

दुसरी गोष्ट कडब्याची. रब्बीच्या ज्वारीचं ताट माणसाच्या डोक्यावर जातं. कापणी झाली की दाण्याबरोबर कडबा निघतो, आणि दुष्काळी मुलखात कधी कधी कडबाच जास्त मोलाचा ठरतो. त्याचा भाव शेकड्यावर ठरतो, म्हणजे शंभर पेंढ्यांना इतके रुपये. शेतकऱ्याच्या हिशोबात ज्वारी म्हणजे माणसाचं धान्य आणि बैलाची वैरण असं जोडपीक आहे. ‘धान्य’ या वर्गात मात्र फक्त दाणा मोजला जातो. एकरी उतारा किती, एवढाच प्रश्न विचारणाऱ्या तक्त्यात बुटकं ताट पहिलं आलं आणि उंच ताट मागे पडलं. कडबा मोजायला त्या तक्त्यात रकानाच नव्हता. एकदा रकाना नसला की ती वस्तू धोरणातून, कर्जातून, विम्यातून आपोआप निसटत जाते. पुढच्या प्रकरणांत अशी निसटलेली बरीच माणसं आणि वस्तू भेटतील.

मालदांडी टिकली ती या कडब्यावर आणि भाकरीवर. मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून स्वातंत्र्यापूर्वीच निवडलेला ‘एम ३५-१’ हा वाण इतकी दशकं उलटून गेल्यावरही रब्बीत पेरला जातो. सरकारनंही शेवटी ज्वारीच्या हमीभावाच्या दोन ओळी केल्या : २०२३-२४ साठी हायब्रीड ३,१८० रुपये क्विंटल आणि मालदांडी ३,२२५. फरक ४५ रुपयांचा. यार्डात जाऊन विचारा, तिथे या दोन शब्दांतलं अंतर कितीतरी शेकड्यांचं असतं. कागदावरचा वर्ग आणि ढिगापुढचा वर्ग एकाच नावाचे असले तरी एकच नसतात.

इथे एक परदेशी उदाहरण घेतो, कारण त्याच्याशेजारी ठेवलं की आपला ढीग जास्त नीट दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शिकागोत गहू पोत्यांतून यायचा आणि प्रत्येक पोतं कुणाच्या शेतातलं ते शेवटपर्यंत माहीत असायचं. रेल्वे आली, वाफेवर चालणारी उंच कोठारं आली आणि पोतं अडचणीचं वाटू लागलं. गहू सुटा ओतायचा तर सगळ्यांचा एकत्र होणार. मग माझा चांगला गहू आणि शेजाऱ्याचा हलका गहू यांचं काय? १८५६ साली तिथल्या व्यापारी मंडळानं गव्हाचे तीन वर्ग ठरवले : पांढरा हिवाळी, तांबडा हिवाळी आणि वसंतातला. पुढे प्रतवारी बारीक होत गेली. शेतकऱ्याला गव्हाऐवजी पावती मिळू लागली, अमुक प्रतीचे अमुक बुशेल. ती पावती हातोहात विकता येऊ लागली आणि त्यातूनच वायदेबाजार वाढला. वर्ग पक्का झाला तेव्हा धान्याचा पैसा झाला. त्याच क्षणी शेताचं नाव पुसलं गेलं.

बार्शीतला ढीग अजून शेतकऱ्याच्या नावाचा आहे. खरेदीदाराला अजून हात घालून बघावं लागतं. १४ एप्रिल २०१६ ला सुरू झालेल्या ई-नाम या ऑनलाइन शेतमाल बाजारात नमुना प्रयोगशाळेत तपासून दूरच्या व्यापाऱ्यालाही बोली लावता यावी अशी योजना आहे. तिचं यश प्रतवारी किती पक्की होते यावर अवलंबून आहे. याचा शेतकऱ्याला फायदा होईल असं मला वाटतं, कारण चार आडत्यांच्या तोंडच्या शब्दापेक्षा मोजता येणारा ओलावा बरा. पण भाकरीला चिकटपणा येईल का, हे कुठलं यंत्र सांगणार? ज्या गुणासाठी मालदांडीला भाव मिळतो, तोच गुण प्रतवारीच्या कागदात अजून उतरलेला नाही.

आणि मग नाव बदललं. १० एप्रिल २०१८ ला केंद्र सरकारनं अधिसूचना काढून भरडधान्यांना ‘न्यूट्री सीरियल्स’ म्हटलं. आपल्याकडे त्याचं ‘पौष्टिक तृणधान्य’ झालं. मार्च २०२१ मध्ये, भारताच्या प्रस्तावावर ७२ देशांच्या पाठिंब्यानं, संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष जाहीर केलं. १ फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पी भाषणात त्यांना ‘श्री अन्न’ हे नाव मिळालं. तिकडे कन्नडमध्ये ‘सिरिधान्य’ हा शब्द आधीपासूनच रुळलेला होता. दहा वर्षांपूर्वी किलोला एक रुपया असा दर लावलेलं धान्य श्री झालं.

नाव बदलताना वर्गाच्या भिंतीही हलल्या. जुन्या भरडधान्यात मका होता, नव्या यादीत तो नाही. उलट राजगिरा आणि कुट्टू आत आले, जे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं गवतवर्गीय धान्यच नव्हेत. आता आपल्या फराळाच्या ताटाकडे बघा. राजगिरा उपवासाला चालतो, कारण तो धान्य नाही. सरकार म्हणतं धान्य आहे. भगर म्हणजे साल काढलेली वरई. ती ज्वारीसारखंच गवतवर्गीय धान्य आहे, तिला आपण ‘वरीचे तांदूळ’ही म्हणतो, आणि तरी ती आषाढी एकादशीला महाराष्ट्रभर शिजते. ज्वारी मात्र चालत नाही. किराणा दुकानात भगरीची जागा साबुदाण्याशेजारी. मॉलमध्ये तीच भगर आता ‘मिलेट’च्या फळीवर, राळ्याशेजारी. तिन्ही वर्ग आपापल्या जागी खरे आहेत, कारण प्रत्येकामागे वेगळी गरज आहे : व्रताची, मोजणीची, विक्रीची. कुठला वर्ग खरा, असं मला अनेकदा विचारलं जातं. माझं उत्तर असं, की तो कुणाच्या कामी येतो ते आधी बघा.

नाव मिळाल्यावर त्याला कुंपण लागतं. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणानं १ सप्टेंबर २०२३ पासून १५ प्रकारच्या भरडधान्यांना एकत्रित मानक लागू केलं. त्यात ओलावा, किडके दाणे, कच्चे-सुरकुतलेले दाणे, इतर धान्याची भेसळ यांच्या कमाल मर्यादा आहेत. ७ ऑक्टोबर २०२३ ला जीएसटी परिषदेनं भरडधान्याच्या पीठमिश्रणाची व्याख्याच आकड्यात बांधली : वजनानं किमान ७० टक्के भरडधान्य हवं. असं मिश्रण सुटं विकलं तर कर शून्य, पाकीटबंद आणि लेबल लावून विकलं तर ५ टक्के. ६९ टक्के असेल तर ते या वर्गाबाहेर. वर्ग आधी लोकांच्या बोलण्यात जन्मतो, पण तो टिकतो अशा रेषांवर. आतूनही त्याला चिरा पडतातच. म्हैसूरचे डॉ. खादर वली, ज्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ते राळा, कोद्रा, वरई यांसारख्या पाच लहान दाण्यांना वरचं स्थान देतात आणि ज्वारी-बाजरीला मधलं. म्हणजे श्री अन्नातही पुन्हा पंगत बसायला लागली.

मला या नव्या नावाचा आनंद आहे, हे मोकळेपणानं सांगतो. पुण्याच्या हॉटेलात भाकरी पोळीपेक्षा महाग मिळते हे पाहून मला बरं वाटतं. आजीला ते पाहायला मिळायला हवं होतं. पण काळजीही आहे. भरड म्हणायचं की श्री, हे ठरताना दोन्ही वेळा पेरणाऱ्याला कुणी विचारलं नाही. पहिल्या नावानं त्याचं नुकसान झालं. दुसऱ्या नावानं फायदा पाकीट करणाऱ्याचा होईल की ढिगापाशी उभ्या असलेल्याचा, हे अजून ठरायचं आहे. ‘मिलेट’ हा एवढा मोठा शब्द आहे, की त्याच्या पोटात मालदांडी, दगडी, खानदेशची दादर, सगळ्या एकसारख्या होऊन जाऊ शकतात, शिकागोच्या कोठारातल्या गव्हासारख्या. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मोठ्या वर्गात विरघळू नये म्हणून लहान वर्गानं धरलेला तो एक आधार आहे. तो पुरेल का, याचा शोध शेवटच्या भागात घेतला आहे.

हे पुस्तक लिहिताना मंगळवेढ्याकडच्या एका वस्तीवर गेलो होतो. पुण्याहून येताना मोठ्या दुकानातलं एक पाकीट घेतलं होतं, पारदर्शक खिडकीचं, वर ठळक अक्षरांत ‘मिलेट’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘ज्वारी’. घरातल्या म्हाताऱ्या मावशी बियाण्यासाठी निवडलेली कणसं सुतळीत ओवत होत्या. आढ्याला आधीच तीन घोस टांगलेले होते. पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दोन्ही शब्द वाचले, तोंड फाडलं, चिमूटभर दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली आणि दोन दाढेखाली धरले.

“ज्वारीच हाय,” त्या म्हणाल्या. मग पाकीट पुन्हा उलटंपालटं करून बघितलं, काही लिहायचं राहिलंय का ते शोधावं तसं. “पर कशाची ज्वारी? हुरड्याची, लाह्यांची, का भाकरीची?”